वाऱ्याची सरासरी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मीटरकाका सौरऊर्जेचा सातवा तोटा लिहीत होते.

सकाळचे अकरा वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद होता, त्याच्या मधोमध पट्टीने मारलेली रेघ, रेघेच्या एका बाजूला 'फायदे' आणि दुसऱ्या बाजूला 'तोटे'. फायद्यांची बाजू कोरी होती. तोट्यांच्या बाजूला सहा मुद्दे झाले होते. रात्री वीज नाही. ढग आले की वीज नाही. धूळ बसते, पुसणार कोण? गच्ची अडते. बॅटरी ठेवली तर ती माणसाआधी म्हातारी होते. इन्व्हर्टर बिघडला की मेकॅनिकच्या विनवण्या करा. सातवा मुद्दा 'पक्षी' या शब्दाने सुरू झाला होता. पक्षी नेमकं काय करतात हे अजून ठरायचं होतं.

फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव. मीटरकाकांनी उचलला नाही. ती इमारतीच्या सेक्रेटरीबाईंबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका वसाहतीतलं बायोगॅस संयंत्र बघायला गेली होती. आता फोन करून 'बघा, इथे कसं झकास चाललंय' असं ऐकवणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आपले तोटे आधी पुरे होऊ देत, मग बोलू. फोन पुन्हा वाजला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो टेबलावर पालथा घातला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पक्षी घाण करतात.'

मग दाराची बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य उभे. पांढरा कोट अंगात तसाच.

"काका, फोन का उचलत नाही? सेक्रेटरीबाई केव्हापासून लावतायत."

"त्यांचा कुठला? फोन तर आमच्या हिचा येतोय."

"काकूंच्याच फोनवरून लावतायत हो," दंतवैद्य म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलवेना. रोज दहा माणसांचे दात उपटणारा माणूस, पण कोटाचं एकच बटण लावत-काढत राहिला.

तिथल्या बाकावर ती बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पहिला फोन आला तेव्हाच ती नव्हती, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर दोनदा समजावून सांगितलं. काकांनी दोनदा मान हलवली. पण माणूस आपल्याला इतक्या सहजासहजी सोडत नाही. जिच्याबरोबर एकोणचाळीस वर्षं संसार केला ती जात असताना आपण पक्ष्यांच्या शिटेवर विचार करत होतो, हे काही केल्या त्यांच्या डोक्यातून जाईना.

मीटरकाका हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. वीज कंपनीत चौतीस वर्षं ते घरोघरी मीटर वाचत फिरले, म्हणून हे नाव पडलं. आणि त्यांना ते आवडायचंही, कारण या धंद्यात त्यांचा एक मान होता. म्हणजे, आहे असं ते सांगायचे. घराला कुलूप असलं की मीटर वाचणारा वहीत 'सरासरी' असं लिहून पुढे जातो. मागच्या तीन महिन्यांत जेवढी वीज जळली तेवढीच याही महिन्यात जळली असेल असं धरून टाकायचं. नियमात बसतं, सगळेच लिहितात. मीटरकाकांनी चौतीस वर्षांत एकदाही सरासरी लिहिली नव्हती. कुलूप असलं तर ते संध्याकाळी परत जायचे, तेव्हाही असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "काटा बघितल्याशिवाय आकडा लिहिला नाही," हे त्यांचं वाक्य. ते कुणी न विचारता ऐकवायचे. इमारतीत ते ऐकलं नाही असा माणूस सापडला नसता. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर अडकलेल्या एका बाईने तर सुटका होईपर्यंत ते दोनदा ऐकलं होतं.

गच्चीवर आपली आपण वीज करावी, ही कल्पना बायकोची. इमारतीने तिघांची समिती नेमली. सेक्रेटरीबाई, दंतवैद्य आणि ती. काकांना कुणी घेतलं नाही. "तुम्ही आलात की आधी चौतीस वर्षं येतात, मग तुम्ही येता," असं बायकोने त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून काका घरातले विरोधी पक्ष झाले.

ती सकाळी चहा पिताना एकेका ऊर्जेची कुंडली मांडायची.

"सूर्य ना, अगदी तुमच्यासारखा. दहा ते पाच चोख काम. पाचनंतर कशाला हात लावणार नाही."

"मी आठला निघायचो."

"आणि वारा माझ्या भावासारखा. येतो म्हणतो त्या दिवशी येत नाही. आणि येतो तेव्हा दारं आपटत येतो."

"आणि तुझा तो गॅस?"

"तो तुमच्या आईसारखा. रोज वेळेवर खायला घाला, पथ्य सांभाळा. लिंबाची सालं पोटात गेली की दोन दिवस रुसवा. पण सांभाळलं की चूल कधी विझू देणार नाही."

"माझ्या आईचा वास येत नव्हता," काका म्हणायचे, आणि उठून कागदावर एक तोटा वाढवायचे.

सगळं उरकल्यावर मुलगी तीन आठवडे राहिली. जाताना तिने फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवल्या. औषध कधी, दूध कधी, गॅसचा नॉब कधी. "बाबा, रोज एकदा तरी घराबाहेर पडा," असंही एका चिठ्ठीवर होतं.

काका घराबाहेर पडले ते जिना चढून गच्चीवर गेले. घराबाहेर पडणं झालं, आणि कुणाशी बोलावंही लागलं नाही.

गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात बायकोचे अकरा प्लास्टिकचे डबे होते. रंगाचे जुने डबे, तळाला भोकं पाडलेले. टोमॅटो, पुदिना, मिरच्या, आणि एकात कसला तरी वेल, ज्याचं नाव काकांनी कधी विचारलं नव्हतं. तिच्या हयातीत ते या कोपऱ्यात तीन-चार वेळाच आले असतील, तेही 'डब्यांनी स्लॅबला ओल येईल' हे सांगायला. आता मात्र ते रोज सकाळी पाणी घालायचे, तिच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. खाली घरात बोलायला गेलं की आवाज भिंतीवर आदळून परत यायचा. इथे तो जायचा तिकडे निघून जायचा. पाणी मात्र ते इतकं घालत होते की दोन डब्यांतल्या मिरच्या महिन्याभरात कुजल्या. स्लॅबला ओलही आली. तक्रार करायला आता कुणी उरलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी पॅनेलवाला गच्चीवर आला. कंत्राटदाराचा माणूस. गळ्यात मोजपट्टी, हातात कसलंसं यंत्र. त्याने सगळी गच्ची पायाखाली घातली, शेजारच्या उंच इमारतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "दुपारनंतर तिची सावली पश्चिमेकडून अर्ध्या गच्चीवर येते. तिथे पॅनेल लावून उपयोग नाही. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळी ओळ मरगळते. जागा एकच. हा कोपरा."

"कुठला कोपरा?" काकांनी खुर्चीत बसूनच विचारलं.

"तुम्ही बसलाय तो."

काका त्या दिवशी खाली आले ते सरळ सेक्रेटरीबाईंच्या दारात. सेक्रेटरीबाई शाळेत गणित शिकवायच्या. घरी पेपर तपासत बसल्या होत्या.

"सौर नको. पवनचक्की लावू," काका म्हणाले.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "काका, पवनचक्की? तुम्ही म्हणताय? गेल्याच वर्षी तुम्ही काकूंना म्हणालात की इमारतीवर पवनचक्की म्हणजे टकलावर फेटा. चारी बाजूंनी इमारती, वारा गोल गोल फिरणार, पाती कधी इकडे तोंड करणार, कधी तिकडे."

"माणसाला मत बदलता येतं. सूर्य रात्री नसतो. वारा असतो. धूळ बसत नाही. जागा लागते ती टाकीच्या डोक्यावर एका खांबापुरती."

"आणि थरथर? पाती फिरली की स्लॅब गुणगुणतो म्हणे. वरच्या मजल्यावर डॉक्टर राहतात."

"त्यांच्याकडे रोज ड्रिल मशीन चालतं. त्यांना कळणारही नाही."

बाईंनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "बरं. तीन आठवडे वारा मोजा. आकडे आणा. आकडे चांगले असले तर मी स्वतः सभेत मांडते."

काकांनी पडत्या फळाची आज्ञा मानली. कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याकडून त्यांनी वारा मोजायचं यंत्र आणलं. उभ्या दांड्यावर तीन छोट्या वाट्या, त्या वाऱ्याने फिरतात, आणि दांड्याच्या बुडाशी एका पेटीत आकडा दिसतो. यंत्र बसवायला जागा पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर, उत्तरेच्या कडेला, कारण तीच सगळ्यांत उंच. आकडा बघायचा तर टाकीची लोखंडी शिडी चढायची. तेरा पायऱ्या. दिवसातून तीनदा.

पहिले पाच दिवस काका चढले. वही नवी आणली होती, रकाने आखले होते. तारीख, वेळ, वाऱ्याचा वेग. आकडे वाईट होते. सेकंदाला दीड मीटर. दोन. एक. एकदा शून्य. आणि पवनचक्कीची पाती तीन मीटरशिवाय हलायलाही तयार नसतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वर आणखी एक अडचण होती. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, ती आठवा हिस्सा होते. म्हणजे एवढ्याशा वाऱ्यावर जिन्यातला एक दिवाही धड पेटला नसता.

सहाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. काका सकाळी गच्चीवर आले, शिडीकडे बघितलं, आणि बायकोच्या खुर्चीत बसले. पुदिन्याची पानं हलत होती.

"बऱ्यापैकी हलतायत," ते तिला म्हणाले. "चार तरी असेल."

वहीत त्यांनी लिहिलं, चार. दुपारी परत त्याच खुर्चीतून, साडेचार. संध्याकाळी जरा कमी वाटला, म्हणून चार पूर्णांक एक. तो एक दशांश त्यांनी खरेपणा दिसावा म्हणून घातला होता. लिहिताना हाताला काही वाटलं नाही, याचं त्यांना नंतर फार नवल वाटलं. चौतीस वर्षं ज्या हाताने कुलपासमोर उभं राहून पेन खिशात परत ठेवलं, तो हात आता खुर्चीत बसून पानांकडे बघून आकडे पाडत होता. सातव्या दिवशी ते शिडीपर्यंतही गेले नाहीत. आठव्या दिवसापासून तर ते तिन्ही वेळचे आकडे सकाळीच लिहून मोकळे व्हायचे. बाकीचा वेळ बोलायला.

सभा रविवारी सकाळी तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून त्या जागेत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक टेबल. काका इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून आले.

सुरुवात दंतवैद्यांनी केली. "माझी एक कल्पना आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं ना, त्या पाइपात एक छोटं चक्र बसवायचं. पाणी पडलं की वीज. चोवीस तास."

"डॉक्टर," काका म्हणाले, "ते पाणी वर कोण चढवतं?"

"पंप."

"पंप कशावर चालतो?"

"विजेवर."

"म्हणजे शंभर युनिट जाळून पाणी वर न्यायचं आणि खाली सोडून त्यातले दहा परत मिळवायचे. दुखऱ्या दाढेशेजारची चांगली दाढ काढण्याचा प्रकार झाला."

सगळे हसले. काकांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्याच भरात ते उठले आणि वाऱ्यावर बोलायला लागले. बायोगॅस झाला, चांगला आहे, पण चोवीस घरांच्या खरकट्यावर दोन-तीन चुली चालतील, दिवे आणि लिफ्ट नाही. सूर्य झाला, चांगला आहे, पण अर्धा दिवसच. आणि वारा, मंडळी, वारा...

"एक मिनिट," मागून पॅनेलवाला म्हणाला. त्याला सावल्यांचा नकाशा दाखवायला बोलावलं होतं. "आज सकाळी मी टाकीवर चढलो होतो. तिथे ही सापडली. कुणाची आहे?"

त्याने पिशवीतून एक चादर काढली. निळी, पांढऱ्या चौकड्यांची, एका कोपऱ्याला फाटलेली.

"अगं बाई!" दंतवैद्यांची बायको उठली. "ही आमची. कधीची शोधतेय. मी तर धुणंवालीवर संशय घेतला."

"कुठे होती?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"वाऱ्याच्या त्या यंत्राला गुंडाळली गेली होती. अशी करकचून, की वाट्या जागच्या हलत नव्हत्या. कापावी लागणार असं वाटलं, पण सुटली."

"वहिनी, चादर कधीपासून नाहीये?" बाईंनी विचारलं.

"बारा तारखेपासून. पाहुणे गेले त्या दिवशी धुऊन गच्चीत टाकली होती. चांगलं आठवतंय."

सेक्रेटरीबाईंनी हात पुढे केला. काकांनी वही दिली. द्यावीच लागली. बाईंनी पान उलटलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा सुरात वाचायला लागल्या. वाचताना त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज हळूहळू खाली गेला.

"बारा तारीख, दुपार. चार पूर्णांक दोन. तेरा, सकाळ. चार. तेरा, दुपार. चार पूर्णांक सहा. चौदा, सकाळ..."

आज एकवीस तारीख होती.

"बारा तारखेचा खरा असेल," दंतवैद्य म्हणाले. "चादर टाकीवर गेली म्हणजे त्या दिवशी वारा होताच."

दोघंतिघं हसले, मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. सगळे काकांकडे बघत होते. लिफ्टमध्ये अडकलेली ती बाईही पहिल्याच रांगेत होती.

गुडघ्याचं कारण तयार होतं. सूजही अजून होती, दाखवता आली असती. यंत्रच बिघडलेलं असेल, असंही म्हणता आलं असतं. काकांनी तोंड उघडलं.

"सरासरी लिहिली," ते म्हणाले.

इमारतीतल्या पोरांनाही त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

"चहा घेऊ या," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. लोक कपांकडे वळले तशा त्यांनी काकांना जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशी नेलं. चोवीस मीटर ओळीने बारीक बारीक लुकलुकत होते.

"कोपऱ्यासाठी केलंत ना?"

एका पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं, काका ते बसवत राहिले.

"काका, तो कोपरा काकूंनी आधीच दिलाय."

"म्हणजे?"

"समितीत गच्चीचा नकाशा झाला तेव्हा पॅनेलची जागा काकूंनीच दाखवली. म्हणाल्या, डबे जिन्याच्या पत्र्यामागे हलवू, तिथेही ऊन येतं सकाळचं. कागदावर सही आहे त्यांची. बायोगॅस फक्त जोडीला, दोन चुलींसाठी, म्हणून बघायला गेलो होतो आम्ही."

"मला बोलली नाही."

"मी विचारलं होतं त्यांना, काकांना चालेल का? तर म्हणाल्या, 'ह्यांचं माझ्यावर सोड. आधी महिनाभर विरोध करतील, आणि पॅनेल आली की वायरिंगमध्ये सगळ्यांच्या चुका काढत गच्चीतच मुक्काम करतील. आज घरी गेले की सांगते.'"

"आज म्हणजे कधी?"

बाईंनी मान खाली घातली. "त्याच दिवशी. गाडीत बसल्यावर म्हणाल्या."

काकांनी झाकणावरचा हात काढला. मग म्हणाले, "तुम्हाला हे सगळं माहीत होतं. मग मला तीन आठवडे वारा कशाला मोजायला लावलात?"

"तुम्ही खाली घरात दार लावून बसला होतात. वारा मोजायचा म्हणालात तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. मला बरं वाटलं." त्या थोडं हसल्या. "आणि तुम्ही आकडे खरेच आणणार, याची खात्री होती. तुमच्या बाबतीत खात्री नाही तर कुणाच्या?"

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. पण काकांना कुणीतरी चारचौघांत कान पिळावा तसं झालं.

चहा संपल्यावर ते परत टेबलाशी आले. वही उचलली आणि पाच तारखेपर्यंतची पानं ठेवून पुढची टरकावली. आवाज मोठा झाला.

"पहिल्या पाच दिवसांचे आकडे खरे आहेत," ते म्हणाले. "आपल्या गच्चीवर वारा नाही. होता तो शेजारच्या इमारतीने अडवला. पवनचक्की समुद्रावर, डोंगरावर, मोकळ्या माळावर. तिथे ती रात्रंदिवस काम करील, सूर्यापेक्षा जास्त देईल. इथे ती नुसती उभी राहील, माझ्यासारखी. सूर्याचे तोटे मी काढले आहेत, सात आहेत, कुणाला हवे असतील तर लिहून देतो. पण सातवा खोटा आहे आणि तिसऱ्याला उपाय आहे. धूळ मी पुसेन. आठवड्यातून एकदा, झाडू आणि पाणी."

"शिडी चढायला लागली तर?" दंतवैद्यांनी विचारलं. टोमणा होता, पण हलक्या हाताने मारलेला.

"तुम्ही चढा. मी खालून धरतो. आकडा मात्र तुम्ही वाचायचा, मी लिहायचा."

सगळे हात वर झाले. काकांनी आपला हात सगळ्यांत शेवटी वर केला, तोही कोपरापर्यंतच. पण मोजला गेला.

डबे हलवायला दोन दिवस लागले. दंतवैद्य दवाखाना बंद करून आले, मुलगी फोनवरून, म्हणजे व्हिडिओवरून, देखरेख करत होती. "बाबा, वेलीला ओढू नका! आधी दोरी सोडा. दोरी, दोरी!" कुजलेल्या मिरच्यांचे दोन डबे तिच्यापासून लपवून खाली आणावे लागले. वेलीचं नाव तिलाही माहीत नव्हतं. पत्र्यामागे सकाळचं ऊन खरंच येतं. खुर्चीला मात्र तिथे जागा नव्हती, ती खाली घरात आली, आणि आल्यापासून कुणाच्याही वाटेत येते.

पॅनेलं आली तेव्हा काका रोज नऊ वाजता गच्चीवर हजर असत. दोन ठिकाणी वायरचा रंग चुकला होता, एका ठिकाणी पाइप उन्हात उघडा ठेवला होता, आणि एक जोड त्यांनी चार वेळा सोडून परत करायला लावला. पॅनेलवाल्याने सेक्रेटरीबाईंना हात जोडले. बाई खिडकीशी जाऊन एकट्याच हसल्या, मग डोळे पुसून परत आल्या.

आता राहिला मीटर. दिवसा जास्तीची वीज कंपनीला जाते, रात्री कंपनीची आपल्याकडे येते, दोन्ही मोजणारा मीटर लागतो. तो आल्याशिवाय पॅनेलं नुसती ऊन खात पडतात. काकांनी त्यांच्या जुन्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या कारकुनाने त्यांना आवाजावरून ओळखलं.

"काका, तुमचा अर्ज केव्हाच आलेला आहे. सगळं बरोबर आहे. फक्त अर्जदार म्हणून काकूंचं नाव आहे, सोसायटीतर्फे. ते बदलून द्या. दाखल्याची प्रत आणि एक ओळ लिहा, की अमुक अर्जदार हयात नाहीत, त्यांच्याऐवजी अमुक. आजच्या आज मंजूर करतो."

"एक ओळ," काका म्हणाले.

"एकच."

काकांनी चौतीस वर्षांत लोकांचे असे शेकड्याने अर्ज लिहून दिलेत, पायरीवर बसून, मांडीवर वही ठेवून. शब्द त्यांना तोंडपाठ आहेत. 'हयात'ला ऱ्हस्व-दीर्घाचीही भानगड नाही.

पॅनेलं बसून अठरा दिवस झाले. काका दर रविवारी ती पुसतात. इमारतीत मुलं म्हणतात, मीटरकाकांमुळे मीटर अडलाय, आणि काका ते लिफ्टमध्ये ऐकतात आणि "बरोबर आहे," म्हणतात. सेक्रेटरीबाई दोनदा विचारून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मी लिहू का?" काका म्हणाले, "नको. माझं काम आहे."

दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवल्या आहेत. अर्जावर अजून तिचंच नाव आहे. ती एक ओळ लिहायची राहिली आहे.